‘1941’ पडला म्हणतात, पण तो बघायचा कसा?

समुद्रकाठच्या एका घराच्या अंगणात लष्कराची विमानवेधी तोफ येऊन बसते. घरमालक वॉर्ड डग्लस देशप्रेमाने भारावलेला, तर त्याच्या बायकोला घरात साधी बंदूकही नको. सार्जंट ट्री त्याला बजावतो, की तोफेला हात लावायचा नाही. हात लावायचा नाही म्हणजे नेमकं काय करायचं नाही, हे तो एकेक पायरी करून दाखवतो. ही कळ अशी ओढायची नाही, गोळ्यांची क्लिप इथून अशी सरकवायची नाही, आणि शेवटचं हे तर कधीच दाबायचं नाही. ट्रीचं शिकवून संपतं तेव्हा डग्लसला तोफ डागायची पूर्ण पद्धत पाठ झालेली असते. पुढे तो ती अगदी त्याच क्रमाने वापरतो आणि स्वतःचंच घर फोडतो.

स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘1941’ या सिनेमातला हा प्रसंग विनोदाच्या मांडणीचा उत्तम नमुना आहे. नाही-नाही म्हणत शिकवणारा एक माणूस, मान डोलावत शिकणारा दुसरा, आणि मध्ये एक निर्जीव वस्तू. प्रेक्षकाला पुढे काय होणार ते कळलेलं असतं, तरी त्याला वाट बघावी लागते. वाट बघायला लावणं हेच विनोदाचं खरं काम. सगळा सिनेमा असा असता, तर त्याची बदनामी झालीच नसती.

14 डिसेंबर 1979 रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याआधी स्पीलबर्गचे 1975 चा ‘जॉज’ आणि 1977 चा ‘क्लोज एन्काउंटर्स’ तुफान चालले होते. युनिव्हर्सल आणि कोलंबिया या दोन मोठ्या कंपन्यांनी मिळून या सिनेमात पैसा घातला आणि खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलरवर गेला. त्या काळात विनोदी सिनेमासाठी ही रक्कम अवाढव्य होती. समीक्षकांनी झोडपून काढला, अमेरिकेतल्या कमाईतून खर्चही निघाला नाही, आणि स्पीलबर्गचा पडलेला सिनेमा अशी त्याची ओळख कायमची झाली. मात्र जगभरची कमाई धरली तर आकडा नऊ कोटी डॉलरच्या पुढे जातो. शिवाय छायाचित्रण, ध्वनी आणि दृश्य परिणाम अशी तीन ऑस्कर नामांकनं त्याला होती. छायाचित्रण आणि ध्वनीचा पुरस्कार ‘अपोकॅलिप्स नाऊ’ने नेला, दृश्य परिणामांचा ‘एलियन’ने. म्हणजे कारागिरीत तो कुठेही कमी नव्हता. लोक चिडले ते वेगळ्या गोष्टीवर. एवढा पैसा, एवढे नट आणि एवढा आवाज असूनही थिएटरात हसू कमी येत होतं.

ही चीड रास्त आहे. मात्र ‘हसू येत नाही, म्हणून सिनेमा वाईट’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

तीन वर्षांचा इतिहास एका दिवसात

गोष्ट 13 डिसेंबर 1941 या एकाच दिवसाची आणि रात्रीची. पर्ल हार्बरवर जपानने हल्ला केला त्याला सहा दिवस झालेत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लोक आज हल्ला होईल, उद्या होईल म्हणून बसलेत. एक जपानी पाणबुडी खरोखरच किनाऱ्याजवळ आली आहे, आणि तिच्या कप्तानाला परत जायच्या आधी काहीतरी मानाचं लक्ष्य उडवायचं आहे. लक्ष्य ठरतं हॉलिवूड. इकडे लॉस एंजेलिसमध्ये रणगाड्याची तुकडी, नाचाच्या स्पर्धेत उतरू पाहणारा वॉली, त्याच्या मैत्रिणीच्या, बेटीच्या मागे लागलेला सैनिक सिटार्स्की, एकट्यानेच विमान उडवत शत्रू शोधणारा वाइल्ड बिल केल्सो आणि विमानात बसल्याशिवाय मूड न येणारी डॉना असे दहाबारा धागे एकाच वेळी सुटतात. रात्री ते सगळे एकमेकांत अडकतात.

पटकथा रॉबर्ट झेमेकिस आणि बॉब गेल या दोन तरुणांची, कथेत जॉन मिलियसही सहभागी. त्यांनी खऱ्या घटना उचलल्या आणि एका दिवसात कोंबल्या. ते माहीत असेल तर सिनेमा बघताना बरंच काही उलगडतं. जपानी पाणबुडी आय-17 ने सांता बार्बराजवळच्या एलवुड तेलक्षेत्रावर तोफगोळे टाकले ते 23 फेब्रुवारी 1942 च्या संध्याकाळी. नुकसान किरकोळ झालं, भीती मात्र प्रचंड पसरली. लगेच 24-25 फेब्रुवारीच्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये भोंगे वाजले, शहर अंधारात गेलं, आणि पहाटे सव्वातीनच्या सुमाराला विमानवेधी तोफा सुरू झाल्या. तासभर आकाशात 1,400 हून जास्त गोळे उडवले गेले. वर एकही शत्रूचं विमान नव्हतं. काही नागरिक हृदयविकाराने आणि अंधारातल्या गाड्यांच्या अपघातांत दगावले. आणि खलाशी-सैनिकांनी ढगळ झूट सूट घालणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांना रस्त्यांवर बडवलं, ते जून 1943 मध्ये. सिनेमातली रस्त्यावरची मोठी मारामारी तिथून आली आहे.

म्हणजे सिनेमाचं नाव 1941, आणि घटना 1942 आणि 1943 च्या. हे मुद्दाम केलेलं आहे, चूक म्हणून दाखवण्यात अर्थ नाही. पण या कोंबाकोंबीचा तोटा मोठा आहे. भीती हळूहळू पसरते. आधी बातमी, मग अफवा, मग गोळीबार. सिनेमात सगळे पहिल्या दहा मिनिटांतच पेटलेले असतात. वाढायला जागाच उरत नाही.

हसू कुठे अडकतं

सोलापूरकरांना हे गड्ड्याच्या उदाहरणावरून लगेच पटेल. सिद्धेश्वराच्या यात्रेत शोभेचं दारूकाम बघताना आपण एक बाण वर जातो, फुटतो, विझतो, तोवर मान वर करून उभे असतो. मग अंधार. त्या अंधारात पोरं ओरडतात, कुणीतरी म्हणतं आता मोठा येणार, आणि मग दुसरा सुटतो. बत्ती देणारा माणूस तो अंधार मोजून ठेवतो. सगळे बाण एकदम पेटवले तर उजेड जास्त पडेल, पण ‘वा’ म्हणायला कुणाला सवडच मिळणार नाही.

‘1941’ मध्ये बाण एकदम पेटवले आहेत. पेट्रोलपंपावर केल्सोचं विमान उतरतं, आणि काही वेळात पंप उडतो. प्रसंग मोठा, केल्सो झालेल्या जॉन बेलुशीचा चेहरा भन्नाट, स्फोट जबरदस्त. पण धूर निवायच्या आत दुसऱ्या ठिकाणचा आरडाओरडा सुरू होतो. रणगाडा रंगाच्या कारखान्यातून आरपार जातो, तोही प्रसंग तसाच. प्रत्येक प्रसंग शेवटच्या प्रसंगाच्या जोराने खेळला जातो, मग खरा शेवट आला तरी तो वेगळा कळत नाही.

दुसरं कारण पात्रांमध्ये आहे. विनोदात एक तरी शहाणा माणूस लागतो, ज्याच्या डोळ्यांनी आपण बाकीच्यांचं वेड मोजतो. इथे तो जनरल स्टिलवेल आहे. रॉबर्ट स्टॅकने ही भूमिका शांतपणे केली आहे. बाहेर शहर पेटलेलं असताना जनरल थिएटरात बसून डिस्नेचा ‘डम्बो’ बघतो आणि त्याचे डोळे पाणावतात, हा प्रसंग सिनेमाच्या उत्तम क्षणांपैकी एक. पण त्याला त्याच खुर्चीत बसवून ठेवलं आहे. शहाणा माणूस गोंधळाच्या मध्यभागी नसला की वेडेपणाला मोजपट्टी उरत नाही. ही भूमिका आधी जॉन वेन आणि चार्ल्टन हेस्टन यांना देऊ केली होती. दोघांनी नाकारली. वेनला तर हा विषयच देशाचा अपमान वाटला होता. स्टॅक मिळाला हे बरंच झालं, कारण त्याने जनरलला विनोदी करायचा प्रयत्न केला नाही.

तिसरं कारण साधं आहे: पैसा पडद्यावर दिसतो. घसरून पडणाऱ्या माणसाला आपण हसतो. घसरून पडणारं अख्खं घर बघताना आपण ते कसं केलं असेल याचा विचार करू लागतो. कौतुक जागं झालं की हसू मागे सरतं. म्हणूनच या सिनेमाबद्दल दोन टोकाची मतं आहेत. हसायला गेलेले वैतागून बाहेर येतात, कसं केलं ते बघायला गेलेले पुन्हा बघतात.

कारागिरी, आणि ती बघायची कशी

धक्क्यावरचा आकाशपाळणा सुटून गडगडत समुद्रात जातो, तो प्रसंग बघा. होम मैदानावर पाळण्यात बसून वर गेल्यावर पोटात खड्डा पडलेल्या कुणालाही तो प्रसंग अंगावर येतो. टेहळणीसाठी वर बसवलेली दोन माणसं, त्यांतल्या एकाच्या हातात बोलका बाहुला, खाली दिवे लागलेले, आणि समोर पाण्यात पाणबुडी. पाळण्याला गोळा लागतो, आस निसटते, आणि तो अख्खा पाळणा धक्क्यावरून चालू लागतो. इथे काही क्षण शांतता आहे, म्हणून इथे हसू आणि भीती एकदम येते.

हे काम ग्रेगरी जीनच्या छोट्या प्रतिकृतींचं. हॉलिवूड बुलेव्हार्डचा रस्ता, दुकानं, दिव्यांच्या पाट्या, गाड्या हे सगळं छोट्या मापात बांधलं आणि त्या रस्त्याच्या मधून तारांवर विमानं उडवली. छोट्या प्रतिकृतीचं वजन पडद्यावर खरं वाटावं म्हणून कॅमेरा नेहमीपेक्षा वेगाने चालवतात, म्हणजे दाखवताना हालचाल मंद आणि जड दिसते. ढोबळ हिशोब असा: प्रतिकृती आठपट लहान असेल, तर 24 च्या ऐवजी सेकंदाला आठच्या वर्गमूळाच्या पटीत, म्हणजे सुमारे 68 चित्रं घ्यायची. वेग कमी पडला की पाणी, धूर आणि कोसळणारी लाकडं लगेच खेळण्यासारखी दिसतात. या सिनेमात तशी चूक शोधून सापडत नाही. संगणकाच्या आधीच्या काळातली ही कामं आहेत, आणि वस्तूवर पडणारा उजेड खरा असल्यामुळे ती आजही डोळ्याला पटतात. डग्लसचं घर मात्र प्रतिकृती नव्हे. ते खऱ्या मापाचं बांधून कड्यावरून खाली सोडलं होतं.

छायाचित्रकार विल्यम फ्रेकरने चित्र मुद्दाम धुरकट ठेवलं आहे. सेटवर धूर, भिंगापुढे प्रकाश पसरवणारे फिल्टर, दिव्यांभोवती पिवळसर वलयं. त्या काळाच्या जुन्या छापील चित्रांची आठवण यावी असा तो रंग आहे. फ्रान्सहून आलेली लूमा क्रेनही इथे वापरली आहे. कॅमेऱ्यामागे माणूस बसवायला लागत नसल्याने तिचा दांडा अरुंद जागेतही घुसतो.

या क्रेनचा खरा उपयोग नाचाच्या प्रसंगात दिसतो, आणि हा प्रसंग या सिनेमाचा सर्वांत मोठा दागिना आहे. सैनिकांसाठीच्या नाचघरात जिटरबग नाचाची स्पर्धा चालू आहे. वॉली चोरलेल्या गणवेशात आत घुसून बेटीबरोबर नाचतो, सिटार्स्की त्याला पकडायला धावतो. पाठलाग, नाच आणि हाणामारी तिन्ही एकाच तालावर चालतात. ठोसा पडतो तो ड्रमच्या ठोक्यावर, माणूस टेबलावर पडतो तो तुतारीच्या सुरावर. संगीत जॉन विल्यम्सचं. बेनी गुडमनच्या काळच्या स्विंगच्या ढंगात त्याने खास हा तुकडा बांधला. संकलक मायकेल कानने कापणीची गती संगीताच्या मात्रांना बांधून ठेवली आहे. इथे शिस्त आहे म्हणून गोंधळ सुंदर दिसतो. बाकी सिनेमात गोंधळाला हा ताल मिळाला असता तर!

आपल्याला लवकर कळणारी गंमत

एक गोष्ट सोलापूरच्या प्रेक्षकाला अमेरिकेतल्या प्रेक्षकापेक्षा जास्त आवडेल. पाणबुडीचा कप्तान तोशिरो मिफुने, आणि त्याच्याबरोबर निरीक्षक म्हणून आलेला नाझी अधिकारी क्रिस्टोफर ली. मिफुने जपानीतून बोलतो, ली जर्मनमधून उत्तर देतो. दुभाषा कुणीच नाही. दोघांना एकमेकांचं सगळं कळतं, भांडणसुद्धा नीट जमतं. पूर्व भागातल्या घरात आजी तेलुगूत विचारते आणि नातू मराठीत सांगतो, बाजारात गिऱ्हाईक कन्नडमध्ये भाव करतं आणि दुकानदार मराठीत तो उतरवतो, हे रोज ऐकणाऱ्याला या प्रसंगात समजावून सांगावं लागत नाही. शिवाय मिफुने आणि ली दोघेही भूमिका गंभीरपणे करतात. ते हसवायला आलेले नाहीत, म्हणून हसवतात. पाणबुडीतले सगळे प्रसंग बाकीच्या सिनेमापेक्षा सरस आहेत त्याचं कारण हेच.

काही गोष्टी मात्र आधी सांगून ठेवल्या नाहीत तर निसटतात. सुरुवातीला समुद्रात पोहायला उतरणारी तरुणी सुझन बॅकलिनी आहे, ‘जॉज’च्या सुरुवातीला शार्क जिला नेतो तीच. इथे शार्कच्या जागी पाणबुडी वर येते आणि ती दुर्बिणीच्या खांबाला लटकते. जपानी सैनिक ज्या लाकूडतोड्याला पकडतात त्याचं नाव हॉलिस वुड. त्यांना शोध हॉलिवूडचा, म्हणून नावावरून घोळ होतो. खाऊच्या डब्यात बक्षीस म्हणून निघालेलं खेळण्यातलं होकायंत्र तो गिळून टाकतो, कारण पाणबुडीचं होकायंत्र बिघडलेलं असतं. हॉलिस वुड झालेल्या स्लिम पिकेन्सची बोली जाड आहे, इंग्रजी चांगलं असणाऱ्यालाही पहिल्यांदा सगळं कळत नाही. बेलुशी तोंडात चिरूट धरून बोलतो. तेव्हा इंग्रजी सबटायटल्स चालूच ठेवावीत.

कोणती प्रत, कोणत्या वेळी, किती आवाजात

सिनेमाच्या दोन आवृत्त्या आहेत. थिएटरातली 118 मिनिटांची, आणि नंतर टीव्हीवर व पुढे डिस्कवर आलेली 146 मिनिटांची. ब्ल्यू-रेवर दोन्ही मिळतात. डिस्क बाहेरून मागवत असाल तर प्रदेशाचा संकेत बघून घ्या: ब्ल्यू-रेसाठी अमेरिका ए आणि भारत सी, डीव्हीडीसाठी अमेरिका 1 आणि भारत 5. प्लेअर सगळे प्रदेश वाचणारा नसेल तर पैसे वाया जातात. विकत घेतलेली डिस्क घरगुती बघण्यापुरती असते. तिकीट लावून किंवा सार्वजनिक खेळ करायचा तर हक्कधारकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

आपली शिफारस 146 मिनिटांची. लांब सिनेमाला लांब आवृत्ती हे औषध उलटं वाटेल, पण जास्तीची 28 मिनिटं बहुतेक माणसांवर खर्च झाली आहेत, स्फोटांवर नाही. वॉली कोण, सिटार्स्की त्याच्यावर का खार खातो, हे नीट कळतं. नाचाचा प्रसंग येतो तेव्हा आपण कुणाची तरी बाजू घेतलेली असते. छोट्या आवृत्तीत तेच लोक धावताना दिसतात, का धावतात ते अर्धवट कळतं.

गच्चीवर दाखवायचा बेत असेल तर वेळेचा हिशोब आधी करा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही. मे महिन्यात सोलापुरात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, पडद्यावर चित्र नीट दिसायला साडेसात वाजतात. साडेसातला 146 मिनिटांची आवृत्ती लावली तर मध्यंतर न घेताही नऊ छप्पन्न होतात. म्हणजे उन्हाळ्यात गच्चीवर 118 मिनिटांचीच लावायची; पंधरा मिनिटांचं मध्यंतर धरून पावणेदहाला संपते. मोठी आवृत्ती डिसेंबर-जानेवारीत, पावणेसातला सुरू करून. किंवा खिडक्या बंद होणाऱ्या खोलीत, कधीही.

पडदा आठ फूट रुंद असेल तर 16:9 मापात त्याची उंची साडेचार फूट. हा सिनेमा रुंद चौकटीचा, 2.35 ला 1. म्हणजे चित्राची उंची सुमारे 3.4 फूट भरेल, वरखाली मिळून फूटभर काळी पट्टी राहील. ती राहू द्या. झूम करून पट्टी घालवली तर दोन्ही कडांचं चित्र कापलं जातं, आणि या सिनेमात अर्धी गंमत कडेला चालू असते. मध्ये दोघं बोलतात आणि डाव्या कोपऱ्यात कुणीतरी शिडीवरून पडतो.

प्रोजेक्टर किंवा टीव्हीवर डायनॅमिक मोड लावू नका, सिनेमा मोड ठेवा. फ्रेकरचं धुरकट चित्र डायनॅमिक मोडमध्ये पांढुरकं होतं आणि काळोख राखाडी दिसतो. शार्पनेस कमी करा, नाहीतर धुराच्या जागी दाणे उठतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय, तिला कंपनीगणिक वेगळं नाव असतं, ती पूर्ण बंद करा. वर सांगितलेला प्रतिकृतींचा हिशोब सेकंदाला 24 चित्रं धरून केलेला आहे. टीव्हीने मध्ये स्वतःची चित्रं घातली की आकाशपाळणा खेळण्यातला वाटू लागतो.

आवाजाची पातळी सुरुवातीवरून ठरवू नका. पहिला प्रसंग पहाटेचा, समुद्राचा, शांत आहे. तिथे बरा वाटणारा आवाज नाचघरात शेजाऱ्यांना उठवतो. नाचाचा तुकडा आधी लावून बँडचा आवाज ठरवा, मग सिनेमा पहिल्यापासून चालू करा. संवाद दबत असतील तर, पाच स्पीकरची रचना असल्यास, मधला स्पीकर तीन-चार डेसिबलने वाढवा. दोनच स्पीकर असतील तर नाइट मोड लावा. त्यात मोठे आवाज दाबले जातात आणि बोलणं वर येतं. स्फोटांचा दणका थोडा कमी होतो, पण इथे ते सोसतं.

मध्यंतर कुठे घ्यायचं? रात्र पडते आणि सगळे नाचघराच्या दाराशी जमायला लागतात, तिथे थांबवा. चहा घ्या. नाचापासून शेवटपर्यंत सिनेमा एका दमात जातो. विसावा दिग्दर्शकाने दिला नाही, तो आपण द्यायचा.

जे खुपतं

लहान मुलांबरोबर बघू नका. डॉनाचा सगळा धागा प्रौढांसाठीचा आहे. सिटार्स्की बेटीच्या मागे लागतो ते विनोद म्हणून दाखवलं आहे, पण ती सरळसरळ जबरदस्ती आहे, आणि तिथे हसू येऊ नये. तेव्हाचे बरेच विनोदी सिनेमे असेच होते, हे खरं असलं तरी बघताना त्याने त्रास कमी होत नाही.

त्याहून मोठी उणीव वेगळी आहे. सिनेमात सगळेच वेडे झाले आहेत: सैनिक, नागरिक, अधिकारी, शत्रूसुद्धा. वेडेपणा सगळ्यांना सारखा वाटून दिला आहे. प्रत्यक्षात त्या भीतीची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. 19 फेब्रुवारी 1942 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश 9066 वर सही केली, आणि जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. त्यांतल्या कुणाचंही घर, दुकान, मूल सिनेमात दिसत नाही. जपानी माणूस म्हणजे फक्त पाणबुडीतला. एक प्रसंग पुरला असता. शेजारी अचानक खिडकी बंद करून घेतो, एवढाही. तेवढ्याने बाकीच्या दंग्याला वजन आलं असतं. ज्या सोलापुरात 12 मे 1930 रोजी मार्शल लॉ लागला, आणि त्यानंतर 12 जानेवारी 1931 ला फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांचे पुतळे ज्याच्या चौकात उभे आहेत, तिथल्या माणसाला राज्यकर्त्यांची घबराट कुणाच्या मानेवर उतरते हे वेगळं सांगायला नको. म्हणून ही उणीव इथे अधिक बोचते.

तरीही सिनेमा बघावा, आणि डग्लसचं घर कड्यावरून गेलं की उठू नये. सकाळ झालेली आहे, दारावर नाताळची माळ ठोकण्याच्या त्या एका हातोडीने राहिलेलं घर घसरतं, सगळे उभे राहून बघतात, आणि जनरल स्टिलवेल जाता जाता एवढंच म्हणतो की हे युद्ध लांबणार. खरा स्टिलवेल त्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातच होता. जपानी आरमार सॅन फ्रान्सिस्कोजवळ आल्याच्या खोट्या वार्तेवर आपणही क्षणभर विश्वास ठेवला, असं त्याने डायरीत लिहून ठेवलं आहे. काही आठवड्यांत त्याला चीन-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर धाडलं. मे 1942 मध्ये ब्रह्मदेश पडल्यावर तो आपल्या माणसांना घेऊन जंगलातून चालत इंफाळला पोहोचला. त्याच वेळी त्याच जपानी फौजेच्या विरोधात, उत्तर चीनमध्ये चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस शस्त्रक्रिया करत होते. ते 1938 पासून तिकडे होते. 9 डिसेंबर 1942 रोजी ते तिकडेच गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी.